दोन बिऱ्हाडे, एक उंबरठा

विजेचा प्रवाह तुटला की संगणकाची कार्यस्मृती कोरी होते. कळ दाबल्यावर पुन्हा जागे होण्यासाठी त्याला काही आज्ञा वाचाव्या लागतात. त्या आज्ञा हार्ड डिस्कवर असतात. आणि हार्ड डिस्क कशी वाचावयाची हे सांगणाऱ्या आज्ञाही मुळात कोठून तरी वाचल्याच पाहिजेत. किल्ली पेटीत आणि पेटीला कुलूप, अशी ही अवस्था. पाश्चात्त्य तंत्रज्ञांनी या पेचाला नाव दिले ते चामड्याच्या उंच जोड्यावरून. जोडा पायात चढविताना ओढावयास सोपे जावे म्हणून त्याला मागे जो बंद शिवलेला असतो, तो बूटस्ट्रॅप. आणि आपल्याच जोड्याचे बंद ओढून आपणच स्वतःला जमिनीवरून उचलणे ही इंग्रजीत अशक्य कर्माची जुनी उपमा. अठराव्या शतकातील जर्मन कथांतला बॅरन म्युन्शहाउझेन आपलीच शेंडी धरून स्वतःला दलदलीतून बाहेर काढतो, त्याच जातीची ही कल्पना. पुढे बंद गळून पडला व नुसता ‘बूट’ शिल्लक राहिला. ‘संगणक बूट होत नाही’ ही तक्रार आज इंदूरपासून मडगावपर्यंत सर्वत्र ऐकू येते. त्या शब्दाचे कूळ हे असे आहे.

ही तक्रार सर्वांत अधिक कोणाच्या तोंडी असते, हे पाहू गेल्यास एक विशिष्ट वर्ग नजरेस येतो. एकाच यंत्रात दोन कार्यप्रणाली, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या दोन ऑपरेटिंग सिस्टीम, नांदविणारे हे लोक. मराठी मुलखात त्यांची संख्या थोडी नाही. अभियांत्रिकीचा विद्यार्थी अभ्यासासाठी लिनक्स घेतो आणि घरच्यांसाठी विंडोज ठेवतो. छापखान्यातला अक्षरजुळणी करणारा श्री-लिपीसारख्या विंडोजवरील व्यवस्थेतली जुनी कामे सोडू शकत नाही. पण नवे शिकण्याची हौसही त्याला असते. एका वाड्यात दोन बिऱ्हाडे राहिली तर विहीर, अंगण आणि जिना यांवरून कुरबूर व्हावयाचीच. संगणकातील दोन बिऱ्हाडांची कुरबूर मात्र बहुतेक वेळा एकाच गोष्टीवरून होते. ती गोष्ट म्हणजे उंबरठा.

या उंबरठ्याचा इतिहास मोठा रंजक आहे. आयबीएम कंपनीने १९५२ साली जाहीर केलेल्या ७०१ या यंत्रावर ‘लोड’ असे लिहिलेली एक कळ होती. ती दाबली की छिद्रित पत्रे, चुंबकीय फीत किंवा चुंबकीय ड्रम यांपैकी निवडलेल्या जागेवरून ३६ बिटांचा पहिला शब्द स्मृतीत येई. त्या शब्दाचा डावा अर्धा भाग ही आज्ञा मानून यंत्र ती पाळी, आणि ती आज्ञा बहुधा ‘आणखी वाच’ एवढेच सांगे. एवढ्या चिमूटभर बियाण्यातून सारा कार्यक्रम उगवे.

१९७५ साली अमेरिकेत हौशी लोकांसाठी निघालेल्या आल्टेअर ८८०० या यंत्राला तर तेवढीही सोय नव्हती. दर्शनी फळीवरचे खटके वरखाली करून माणसाने एकेक बाइट स्वतःच्या बोटांनी आत घालावयाचा. असे वीसेक बाइट घातले म्हणजे यंत्राला कागदी फीत वाचता येऊ लागे. या यंत्रासाठी बेसिक भाषा तयार करून तिची फीत घेऊन पॉल ॲलन विमानाने आल्बुकर्क येथे निघाला. विमान उतरावयाच्या बेतात असताना त्याच्या ध्यानात आले की, फीत वाचणारा आरंभीचा लहानसा कार्यक्रम लिहावयाचा राहूनच गेला आहे. त्याने तो विमानातच कागदावर लिहून काढला. दुसऱ्या दिवशी तो चालला, आणि त्याच वर्षी बिल गेट्स व ॲलन यांची मायक्रोसॉफ्ट कंपनी जन्मास आली. पुढे ज्या कंपनीचे नाव उंबरठ्याच्या प्रत्येक भांडणात निघावयाचे होते, तिचा आरंभही असा उंबरठ्यावरच अडखळत झाला, ही योगायोगाची गंमत.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. फ्लोरिडातील बोका रॅटन येथे तो तयार झाला होता. त्याच्या आत कायमची कोरलेली एक आज्ञावली होती, तिला बायोस म्हणत. ती यंत्राची तपासणी करी, फ्लॉपीवरील अगदी पहिला ५१२ बाइटांचा तुकडा उचली, स्मृतीतील ३१७४४ क्रमांकाच्या घरी ठेवी आणि कारभार त्याच्या स्वाधीन करी. हा क्रमांक विचित्र वाटला तरी त्याचा हिशेब सरळ आहे. त्या काळी ३२ किलोबाइट, म्हणजे ३२७६८ बाइट स्मृतीवर काम चालावे अशी अपेक्षा होती. त्या जागेच्या अगदी शेवटी, म्हणजे १०२४ बाइट राखून, हा तुकडा ठेवला की कार्यप्रणालीला खालची सलग जागा मोकळी राहते. बायोस लिहिणाऱ्या डेव्हिड ब्रॅडली प्रभृतींनी घेतलेला हा साधा निर्णय नंतरची कित्येक दशके टिकला. यंत्रे हजारो पटींनी मोठी झाली, तरी जुन्या पद्धतीने उठणारे प्रत्येक यंत्र उठताना त्या ३२ किलोबाइटांच्या घराचाच नकाशा आठवत राहिले.

या यंत्रासाठी आयबीएमने एकच कार्यप्रणाली जाहीर केली नव्हती. मायक्रोसॉफ्टकडून आलेली पीसी-डॉस ४० डॉलरला होती, डिजिटल रिसर्च कंपनीची सीपी/एम-८६ ही २४० डॉलरला होती, आणि कॅलिफोर्निया विद्यापीठातून निघालेली पी-सिस्टीम ही तिसरी होती. म्हणजे निवडीचा प्रश्न पहिल्या दिवसापासूनचा आहे. तथापि तेव्हा तो फ्लॉपीने सुटत असे. हवी ती फ्लॉपी आत घालावी, हवी ती प्रणाली उठे. भांडणाला जागाच नव्हती.

भांडणाचे मूळ मार्च १९८३ मध्ये पडले. त्या महिन्यात आलेल्या पीसी एक्सटी या यंत्रात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क कायमची बसविलेली होती. ती काढता-घालता येत नसल्याने वेगवेगळ्या प्रणालींनी ती वाटून घेणे भाग होते. म्हणून डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत एक वाटणीपत्र लिहिण्याची पद्धत आली. यालाच मास्टर बूट रेकॉर्ड म्हणतात. त्यातील पहिले ४४६ बाइट आज्ञांसाठी, पुढचे ६४ बाइट वाटणीच्या चार नोंदींसाठी, म्हणजे दर नोंदीला १६, आणि शेवटचे दोन बाइट ओळखीच्या खुणेसाठी. चारांपैकी ज्या नोंदीवर ‘चालू’ अशी खूण असेल, त्या वाटणीतील प्रणाली उठावयाची. वाटणीचे कागद ज्यांनी पाहिले आहेत त्यांना यातील उणीव तत्काळ दिसेल. घर चौघांचे, पण दाराशी बसणाऱ्या देवडीवाल्यासाठी जागा अवघी ४४६ बाइटांची. आणि त्याला कोणी नेमावे, याविषयी वाटणीपत्रात एक अक्षरही नाही. जो शेवटी येईल त्याने आपला माणूस बसवावा, एवढाच काय तो रिवाज.

या बेवारशी जागेचा पहिला गैरफायदा मात्र भाऊबंदांनी घेतला नाही. तो चोरांनी घेतला. १९८६ साली लाहोर येथून पसरलेला ब्रेन हा विषाणू फ्लॉपीच्या आरंभीच्या तुकड्याची जागा बळकावी व मूळ तुकडा दुसरीकडे हलवी. पुढच्याच वर्षी न्यूझीलंडमधून आलेला स्टोन्ड हार्ड डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत जाऊन बसे. जो सर्वांआधी उठतो त्याला नंतर उठणाऱ्या कोणालाही फसविता येते, हे तेव्हा लोकांस प्रथम कळले. या गोष्टीचे परिणाम पुढे पंचवीस वर्षांनी दिसावयाचे होते.

१९९१ साली हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स याने आपली नवी प्रणाली रचावयास घेतली, तेव्हा त्याच्या यंत्रात मिनिक्स ही प्रणाली नांदत होती. म्हणजे लिनक्सचा जन्मच मुळी दुसऱ्याच्या बिऱ्हाडात झाला. त्या बिऱ्हाडाचा शेवटही नमुनेदार आहे. टॉरवाल्ड्सने एकदा मोडेमकडे दूरध्वनी क्रमांक धाडण्याच्या आज्ञा चुकून हार्ड डिस्ककडे धाडल्या आणि मिनिक्सच्या वाटणीच्या आरंभीचा महत्त्वाचा भाग पुसला गेला. मिनिक्स पुन्हा बसविण्याऐवजी त्याने लिनक्समध्येच उणे असलेले भाग लिहून काढले. इतरांच्या अपघातांतून असे काही भव्य निर्माण झाल्याचे ऐकिवात नाही. त्यांच्या वाट्याला बहुधा रात्रभराचा मनस्तापच आला.

१९९२ साली वेर्नर आल्मेसबर्गर याने लिनक्ससाठी लिलो हा देवडीवाला तयार केला. लिनक्स उठवावयाची की डॉस, हे तो विचारी. त्याची एक रीत विशेष सांगण्यासारखी आहे. त्याला डिस्कवरील फाइलींची नावे वाचता येत नसत. लिनक्सचा गाभा डिस्कच्या कोणकोणत्या तुकड्यांवर आहे, याची यादी तो आधीच करून ठेवी आणि उठताना आंधळ्या माणसाने पावले मोजीत जावे तसा त्या तुकड्यांवर जाई. घरात कोणी खाट हलविली की आंधळ्याची ठेच ठरलेली. गाभ्याची नवी आवृत्ती बसविली आणि लिलोला नवी यादी करावयास सांगण्याचे राहिले, की पुढच्या वेळी यंत्र उठत नसे.

पण लिलोचा एक गुण त्याच्यानंतरच्या पुष्कळ चतुर कार्यक्रमांत आढळत नाही. तो आपले नाव एकेका अक्षराने पडद्यावर लिही, आणि प्रत्येक अक्षर ही पार पडलेल्या पायरीची पावती असे. रोमन लिपीत त्याच्या नावात चार अक्षरे आहेत: एल, आय, एल, ओ. नुसते ‘एल’ उमटून पुढे आकडे आले, तर पहिला तुकडा उठला पण दुसरा वाचता आला नाही. डिस्कच सदोष, किंवा तिच्या मोजमापाविषयी गैरसमज. ‘एल-आय’ वर थांबले, तर दुसरा भाग वाचला गेला पण चालला नाही. तिसरे अक्षर उमटून थांबले, तर दुसरा भाग चालू झाला पण त्याला यादी सापडली नाही. चारही अक्षरे उमटली म्हणजे देवडीवाला शुद्धीवर आहे. दोष असेल तर तो पुढे. नाडी पाहून रोग सांगणाऱ्या वैद्यासारखी ही चार अक्षरे त्या काळच्या जाणकारांना पाठ असत. आजच्या काळ्याभोर मुक्या पडद्यापुढे बसलेल्या माणसाला त्या प्रामाणिकपणाचा हेवा वाटल्यास नवल नाही. लिलोचा विकास डिसेंबर २०१५ मध्ये थांबविण्यात आला.

‘मोजमापाविषयी गैरसमज’ असे वर म्हटले, त्याचा थोडा खुलासा केला पाहिजे. जुन्या बायोसला डिस्कवरील जागा वर्तुळांच्या हिशेबाने सांगावी लागे आणि त्याच्या पाटीवर १०२४ वर्तुळांपलीकडचा आकडा मावत नसे. आरंभी ही मर्यादा सुमारे ५०४ मेगाबाइटांवर येई; पुढे आकड्यांची हातचलाखी करून ती सुमारे आठ गिगाबाइटांपर्यंत ढकलण्यात आली. डिस्क त्याहून मोठ्या झाल्या तेव्हा असे घडू लागले की, लिनक्सचा गाभा त्या रेषेच्या अलीकडे असेपर्यंत सारे ठीक चाले. मग एखाद्या दिवशी नवी आवृत्ती येई, तिची फाइल योगायोगाने रेषेपलीकडे पडे, आणि काल उठणारे यंत्र आज उठत नसे. मालकाने काहीही वावगे केलेले नसे. यावरचा उपाय म्हणून डिस्कच्या अगदी आरंभी उठण्यापुरती एक लहान वाटणी राखून ठेवण्याची प्रथा पडली. कारण नाहीसे झाले तरी प्रथा पुढे कितीतरी वर्षे चालू राहिली, जशा घराघरांतून चालू राहतात.

दुसरीकडे मायक्रोसॉफ्टचे घराणे वाढत होते. १९९३ च्या जुलैमधील विंडोज एनटीने स्वतःचा देवडीवाला आणला. तो जुन्या डॉसला घरात राहू देई. कारण डॉस हा घरचाच वडील माणूस. परक्या प्रणालीची मात्र तो दखल घेत नसे. जाणकारांनी त्यावर एक युक्ती काढली होती: लिनक्सच्या वाटणीतले पहिले ५१२ बाइट एका फाइलीत उतरून ती फाइल विंडोजच्या वाटणीत ठेवावयाची आणि तिचे नाव विंडोजच्या यादीत घुसवावयाचे. ऑगस्ट १९९५ मध्ये आलेली विंडोज ९५ तर घरात शिरताना आधी कोण राहते याची विचारपूसही करीत नसे. तिची स्थापना झाली की मास्टर बूट रेकॉर्डमधील आज्ञा तिच्या झाल्या. लिनक्स आपल्या वाटणीत सुखरूप असूनही तिच्याकडे जाणारी वाट बुजली. यातूनच ‘आधी विंडोज बसवावी, मागाहून लिनक्स’ हा सर्वतोमुखी झालेला नियम निघाला.

उलट बाजूचा अनर्थही तितकाच सामान्य. लिनक्स नको झाली म्हणून कोणी तिची वाटणीच पुसून टाकी. देवडीवाल्याचा पहिला तुकडा दाराशी असे, पण त्याचे उरलेले अंग त्या पुसलेल्या वाटणीत गेलेले. मग विंडोज धडधाकट असतानाही यंत्र ‘अशी वाटणी नाही’ म्हणून थांबे आणि मालकाला आपले सारे कागदपत्र नष्ट झाल्यासारखे वाटे. अशा वेळी डॉसच्या काळात एफडिस्क या कार्यक्रमाला एक अघोषित शब्द जोडून मूळ आज्ञा परत लिहिता येत. विंडोज एक्सपीच्या तबकडीवरील दुरुस्तीच्या खोलीत तेच काम ‘फिक्सएमबीआर’ करी. या दुरुस्तीस मिनिटभरही लागत नाही. तरीपण भीतीपोटी सारी डिस्क कोरी करून घेणारे आणि तीत घरची छायाचित्रे, हिशेब, लिखाण गमावून बसलेले लोक थोडे नाहीत. उंबरठा मोडला म्हणजे घर पडले असे नव्हे, एवढी माहिती त्या वेळी जवळ असती तर ती हानी टळली असती.

उंबरठ्याचे भांडण एकदा न्यायालयापर्यंतही गेले. झां-लुई गासे या फ्रेंच गृहस्थाने कॅलिफोर्नियात काढलेल्या बी कंपनीची बीओएस ही प्रणाली विंडोजच्या शेजारी राहण्यासाठीच पुढे करण्यात येत होती. जपानात हिताची कंपनीने आपल्या काही यंत्रांत ती बसवून विकलीही. परंतु यंत्र चालू करताना निवडीची यादी मुळी दिसत नसे. बीओएस डिस्कवर असूनही मालकाला ती उठविण्यासाठी वेगळी खटपट करावी लागे. मायक्रोसॉफ्टच्या परवान्याच्या अटी यंत्रविक्रेत्यांना उंबरठ्यावर दुसऱ्याचे नाव लावू देत नाहीत, असे बी कंपनीचे म्हणणे होते. फेब्रुवारी २००२ मध्ये तिने दावा लावला. सप्टेंबर २००३ मध्ये २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलर देऊन मायक्रोसॉफ्टने तो मिटविला, मात्र आपल्याकडून काही गैर घडल्याचे मान्य केले नाही. तोवर बी कंपनीचा संसार आटोपलेला होता. या प्रकरणात कायद्याची बाजू कोणाची होती, यावर निकाल झालाच नाही. परंतु व्यवहार स्पष्ट आहे. जी प्रणाली निवडीच्या यादीत दिसत नाही, ती डिस्कवर असूनही नसल्यासारखीच.

लिलोची जागा ज्याने घेतली तो ग्रब. १९९५ साली एरिख बोलेन हा नव्या हर्ड प्रणालीचा गाभा उठविण्याच्या खटाटोपात होता. प्रत्येक प्रणालीची उठण्याची रीत निराळी, म्हणून त्याने ब्रायन फोर्डसमवेत सर्वांसाठी एक समान संकेत ठरविला आणि त्याबरहुकूम ग्रब लिहिला. १९९९ पासून तो ग्नू प्रकल्पाचा अधिकृत कार्यक्रम झाला. पुढे ओकुजी योशिनोरी याने २००२ च्या सुमारास त्याची नव्याने मांडणी आरंभिली. तीच ग्रबची आजची दुसरी पिढी. ऑक्टोबर २००९ मधील उबुंटूच्या आवृत्तीत ती प्रथमच नव्या स्थापनेसाठी नेमली गेली.

ग्रब डोळस आहे. त्याला फाइलींची नावे वाचता येतात, त्यामुळे खाट हलविली तरी तो चुकत नाही. परंतु डोळे ठेवावयास जागा लागते, आणि ४४६ बाइटांत ती कोठली? म्हणून मास्टर बूट रेकॉर्ड आणि पहिली वाटणी यांच्यामधल्या रिकाम्या पट्टीत त्याने आपला मधला भाग ठेवला. जुन्या डिस्कवर ही पट्टी ६२ तुकड्यांची, म्हणजे ३१ किलोबाइटांची असे. ती कोणाच्याच नावावर नव्हती. दोन घरांमधल्या बोळासारखी. आणि बोळात सामान ठेवणारा ग्रब एकटा नव्हता. विंडोजवर चालणाऱ्या काही विकत घेतलेल्या कार्यक्रमांचे परवाना तपासणारे भाग आपली गुप्त खूण याच पट्टीत लिहीत. मग विंडोजमध्ये एखादा महागडा कार्यक्रम उघडावा आणि दुसऱ्या दिवशी लिनक्सच काय, विंडोजही उठू नये, असे चमत्कार घडत. ग्रबच्या कर्त्यांनी शेवटी आपल्या त्या भागाला रीड आणि सॉलोमन यांच्या गणिताचे चिलखत चढविले, ज्यायोगे काही बाइट पुसले गेले तरी उरलेल्यांवरून मूळ मजकूर पुन्हा जुळविता येतो. ओरखडे पडलेली गाण्याची तबकडी ज्या गणिताने सुरेल वाजते, तेच हे गणित.

ग्रबला आपले उरलेले अंग सापडले नाही, तर तो ‘ग्रब रेस्क्यू’ असे लिहून थांबतो. नवख्याला ही मृत्युघंटा वाटते. वस्तुतः ती मदतीची हाक आहे. त्या ठिकाणी त्याला डिस्कवरील वाटण्यांची यादी मागता येते, एकेक वाटणी उघडून पाहता येते, आणि ज्या वाटणीत ग्रबची पेटी आढळेल तिचे नाव सांगून ‘येथून पुढे चल’ अशी आज्ञा करता येते. बहुतेक वेळा काहीच हरवलेले नसते. नवी वाटणी केल्याने जुन्या वाटण्यांचे क्रमांक बदललेले असतात, एवढेच. तेवढ्यानेही न भागले तर बाहेरून आणलेली प्रणाली हाताशी असावी. क्लाउस क्नोपर याने २००० साली काढलेली क्नोपिक्स हिचा याबाबतीत मोठा उपकार झाला. हार्ड डिस्कला हात न लावता नुसत्या तबकडीवरून ती उठे, आणि घरचा देवडीवाला बेशुद्ध असताना खिडकीतून आत शिरून त्याला सावध करता येई. पुढे तबकडीचे काम पेन ड्राइव्हने घेतले. रीत तीच राहिली.

४४६ बाइटांचा हा संसार कधी ना कधी मोडणारच होता. वाटणीपत्रातील आकडे ३२ बिटांचे, म्हणून दोन टेराबाइटांपलीकडची डिस्क त्यात मावेना. इंटेल कंपनीने १९९० नंतरच्या दशकात इटॅनियम यंत्रांसाठी बायोसच्या जागी नवी व्यवस्था आखली होती. २००५ पासून अनेक कंपन्यांच्या मंडळाने ती यूईएफआय या नावाने पुढे नेली. या व्यवस्थेत डिस्कवर सर्वांसाठी एक सामाईक वाटणी असते. तीत प्रत्येक प्रणालीने आपापल्या नावाची पेटी ठेवावयाची आणि कोणती आधी उघडावयाची हा क्रम यंत्राच्या स्वतःच्या स्मृतीत लिहावयाचा. वाटण्यांची नोंद चारांऐवजी साधारणतः १२८ पर्यंत होते, आणि तिची एक प्रत डिस्कच्या शेवटी जपून ठेवलेली असते. १९८३ च्या वाटणीपत्रातले जवळजवळ सर्व दोष येथे दूर झाले, हे मान्य केले पाहिजे. आता विंडोजचे मोठे अद्ययावतीकरण झाल्यावर लिनक्स दिसेनाशी झाली, तर पुष्कळदा तिची पेटी जागच्या जागीच असते; क्रमात विंडोज वर गेलेली असते. यंत्र चालू करताना एफ-२, एफ-१२ किंवा त्या-त्या कंपनीने नेमलेली कळ दाबून क्रम बदलला की काम होते. एक पथ्य मात्र पाळावे लागते. एक प्रणाली जुन्या रीतीने व दुसरी नव्या रीतीने बसविली, तर एकीच्या देवडीवाल्याला दुसरीकडे कारभार सोपविता येत नाही.

आणि येथेच लाहोरच्या त्या विषाणूची आठवण पुन्हा निघाली. सर्वांआधी उठणारा चोर ओळखावयाचा कसा? यावर उपाय म्हणून २०११ च्या सुमारास सिक्युअर बूट पुढे आले. मराठेशाहीत पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि शेवटी मोर्तब असल्यावाचून ते खरे मानीत नसत. तद्वत, मान्य शिक्का नसलेली कोणतीही आज्ञावली यंत्राने चालवू नये, असा हा दंडक. प्रश्न आला तो शिक्का कोणाच्या हाती, हा. विंडोज ८ चे बोधचिन्ह लावू इच्छिणाऱ्या यंत्रांवर हा दंडक चालू असलाच पाहिजे अशी मायक्रोसॉफ्टची अट होती, आणि यंत्रांत सर्रास असणारा शिक्काही तिचाच होता. सप्टेंबर २०११ मध्ये मॅथ्यू गॅरेट याने ही गोष्ट उजेडात आणली. नेहमीच्या यंत्रांवर मालकाला हा दंडक बंद करता यावा, हे पुढे मायक्रोसॉफ्टच्या अटींत आले. आणि गॅरेट प्रभृतींनी २०१२ साली शिम नावाचा एक छोटा मध्यस्थ तयार केला. शिमवर मायक्रोसॉफ्टचा शिक्का घ्यावयाचा, आणि शिमने आपल्या घरच्या शिक्क्याने ग्रबला आत सोडावयाचे. तोड व्यवहार्य होती. पण लिनक्सच्या घरातील माणसांना शेजाऱ्याच्या शिक्क्यावाचून उंबरठा ओलांडता येऊ नये, ही स्थिती सुखाची म्हणता येत नाही.

तिची किंमत १३ ऑगस्ट २०२४ रोजी कळली. ग्रबच्या जुन्या आवृत्त्यांत सापडलेल्या दोषामुळे त्यांची मान्यता काढून घेणारा बदल विंडोजच्या मासिक अद्ययावतीकरणातून आला. दोन प्रणाली असलेल्या यंत्रांना त्याची झळ लागणार नाही असे आधी सांगण्यात आले होते. परंतु तशी यंत्रे ओळखण्यात चूक झाली. दुसऱ्या दिवशी ठिकठिकाणी लोकांनी लिनक्स उठवू पाहिली, तो पडद्यावर ‘काहीतरी गंभीर बिघडले आहे’ अशा आशयाचे वाक्य उमटून यंत्र बंद पडू लागले. विंडोज मात्र निर्वेध चालू होती. दुरुस्ती अशी: सिक्युअर बूट तात्पुरते बंद करावयाचे, लिनक्स उठवावयाची, मोक्युटिल या कार्यक्रमाकडून यंत्राच्या स्मृतीतला तो नवा निर्बंध पुसावयाचा, यंत्र पुन्हा एकदा लिनक्समध्येच उठवावयाचे, आणि मग सिक्युअर बूट परत चालू करावयाचे. मायक्रोसॉफ्टच्या बाजूची पक्की दुरुस्ती मे २०२५ मध्ये आली. नऊ महिने हा थोडा काळ नव्हे.

सिक्युअर बूटला हात घालण्यापूर्वी एक खबरदारी मात्र अवश्य घ्यावी लागते. विंडोजची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर उंबरठ्यावर बदल झालेला पाहून ती ४८ अंकी किल्ली मागते. ही किल्ली आधी कागदावर उतरून ठेवली नसेल, तर लिनक्स दुरुस्त करता करता विंडोजला मुकण्याची वेळ येते. तसेच विंडोज ८ पासून ‘बंद’ केलेली विंडोज पुष्कळदा खरोखर बंद नसून अर्धवट निजलेली असते, लवकर उठता यावे म्हणून. अशा वेळी तिच्या वाटणीत लिहिण्यास लिनक्स नकार देते. ते बिघाडाचे लक्षण नसून शहाणपणाचे आहे. विंडोजमधील ती शीघ्र आरंभाची सोय बंद केली की नकारही संपतो.

राहता राहिले घड्याळ. १९८४ च्या पीसी एटी या यंत्रापासून संगणकात बॅटरीवर चालणारे घड्याळ आले. डॉसला पृथ्वीवर निरनिराळ्या वेळा असतात याची गंधवार्ता नव्हती. तिने त्या घड्याळात भिंतीवरचीच वेळ लिहिली आणि विंडोजने तो वारसा चालविला. युनिक्सच्या कुळातील लिनक्स मात्र तेथे जागतिक प्रमाणवेळ लिहिते आणि दाखविताना स्थानिक वेळेत बदलते. परिणामी आपल्या देशात एका बिऱ्हाडातून दुसऱ्या बिऱ्हाडात गेले की घड्याळ नेमके साडेपाच तासांनी पुढेमागे सरकलेले दिसते. बॅटरी संपली असेल या समजुतीने कित्येकजण ती बदलून आणतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा साडेपाच तासांचा फरक पाहून चक्रावतात. घड्याळात स्थानिक वेळ ठेव, असे लिनक्सला एका आज्ञेने सांगता येते. मग दोन्ही बिऱ्हाडांत एकाच वेळी सकाळ होते.